बेंबळी ते बोरीबंदर : पाहुण्यांच्या सवारीचा इतिहास

परगावचा कुणी फोनवर विचारतो, "बेंबळीला यायचे कसे?" मी सांगतो, रेल्वेने धाराशिवला उतरा, रिक्षाने बसस्टँड गाठा, तिथून एसटी मिळेल. एसटी निघून गेली असेल तर काळी-पिवळी आहे, पण ती भरेपर्यंत थांबावे लागेल. मुंबईहून निघालेला माणूस रात्रभर झोपून चारशे-साडेचारशे किलोमीटर सहज पार करतो. त्याची खरी परीक्षा असते ती शेवटच्या वीसेक किलोमीटरची.

इतिहासाच्या पुस्तकांत स्टेशने सापडतात. रेल्वे कधी आली, कंपनी कुणाची, खर्च किती, उद्घाटनाला कोण होते, सगळे सापडते. स्टेशनपासून घरापर्यंतच्या अंतराचा इतिहास मात्र कुणी लिहीत नाही. वास्तविक आपल्यातले कितीतरी लोक पिढ्यान्‌पिढ्या याच अंतरावर जगले. गाडीवान, टांगेवाले, नालबंद, हमाल, मोटारीचे ड्रायव्हर आणि क्लीनर, मुंबईतले व्हिक्टोरियावाले. मराठवाड्यातल्या मुसलमानांचा इतिहास म्हटला की बोलणे निजामापासून सुरू होते आणि रझाकारांवर संपते. या दोन टोकांच्या मध्ये घोड्याला चंदी चारून लोकांना इकडून तिकडे पोचवणारा जो गरीब मुसलमान होता, त्याची नोंद कुठल्याच बाजूने घेतली नाही.

हा इतिहास सांगण्यासाठी मी एक प्रवास निवडला आहे. साल धरू १९३५ च्या आसपासचे. बेंबळीचा एक शेतकरी हजला निघाला आहे. तो कुणी विशिष्ट माणूस नव्हे. त्या काळात आपल्या भागातून हजला जाणाऱ्या माणसाचा नेहमीचा मार्ग हाच होता : गावातून धाराशिव, धाराशिवहून येडशी, येडशीहून कुर्डुवाडी, तिथून मुंबई, आणि मुंबईहून जहाज. या एका वाटेवर त्याला पाच-सहा सवाऱ्या बदलाव्या लागत. प्रत्येक सवारीचा मालक वेगळा, कायदा वेगळा, आणि एका टप्प्यावर तर नाणेही वेगळे.

गाडीवाट

पहिली सवारी बैलगाडी. बैल तासाला तीन-चार किलोमीटर चालतात. म्हणजे बेंबळीहून पहाटे निघालेली गाडी धाराशिवला पोचेपर्यंत दुपार टळून जाई. पावसाळ्यात काळ्या मातीत चाक रुतले की हिशोब संपला. म्हणून लांबचा प्रवास, लग्ने, उरूस, जत्रा हे सगळे सुगीनंतर. बायका बरोबर असल्या की गाडीवर कमान बांधून चादरी किंवा घोंगड्या टाकत. मुसलमानांच्या घरात त्याला पडदा म्हणत आणि पाटील-देशमुखांच्या घरातली बाईही तशाच झाकलेल्या गाडीतून माहेरी जाई. सवारीसाठी हलकी, वेगळी गाडी असे ती दमणी. ती असणे म्हणजे घर खाऊनपिऊन सुखी असल्याची खूण. ज्याच्याकडे गाडी नसे, तो शेजाऱ्याची मागून नेई आणि बदल्यात पेरणीच्या दिवसांत बैलाची किंवा अंगमेहनतीची परतफेड करी. इथे भाडे हा शब्दच नव्हता.

गाडीचा हा इतिहास आपल्या जिल्ह्यात फार जुना आहे. धाराशिवच्या उत्तरेला तेर आहे, संत गोरोबाकाकांचे तेर. तेच प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाची सागरी वाटाड्याची पोथी लिहिली. तगर हे पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर आहे आणि तिथले कापड रस्ते नसलेल्या प्रदेशातून गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात आणले जाते, असे त्यात नोंदलेले आहे. विचार करा, आपल्या भागाबद्दलच्या सर्वांत जुन्या परदेशी नोंदींपैकी एका नोंदीत राजाचे नाव नाही. कापड आहे, गाड्या आहेत आणि रस्ता नसल्याची तक्रार आहे. पुढची अठराशे-एकोणीसशे वर्षे गाडी तीच राहिली आणि तक्रारही.

रस्त्यांकडे सरकारचे लक्ष गेले ते एकोणिसाव्या शतकात. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाडाबरोबर नळदुर्गचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात दिला आणि मेडोज टेलर हा अधिकारी नळदुर्गला कारभारी म्हणून आला. ठगांवरची त्याची कादंबरी अनेकांना ठाऊक असते. या जिल्ह्याची मोजणी आणि रस्ते यांत त्याने घातलेले लक्ष फारसे कुणाला ठाऊक नसते. १८६० मध्ये हा मुलूख निजामाकडे परत आला. त्याच वर्षी रेल्वे सोलापुरात पोचली होती. तेव्हापासून या भागातल्या प्रत्येक रस्त्याचे तोंड एखाद्या स्टेशनाकडे वळले. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जिल्ह्याचे ठाणे नळदुर्गहून धाराशिवला आले, मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून त्याला उस्मानाबाद म्हणू लागले. मुख्य ठाणे झाले, कचेऱ्या आल्या, कोर्ट आले. रेल्वे मात्र आली नाही. ती येडशीवरून निघून गेली.

टांगा आणि सरकारी मोटार

धाराशिव ते येडशी पुन्हा वीसेक किलोमीटर. या अंतरात आपल्या हाजीला टांगा लागे. टांगा ही भाड्याची सवारी. इथे ओळखीचा संबंध संपून पैशाचा सुरू होतो.

टांग्याचा धंदा बाहेरून साधा दिसतो. घोडा, दोन चाके, चाबूक, एवढेच. पण एका टांग्यामागे चार घरे जगत. नाल ठोकणारा नालबंद वेगळा. आज नालबंद हे आडनाव उरले आहे, घोडे गेले. चाकाला धाव बसवणारा लोहार वेगळा. खोगीर-लगाम शिवणारा चांभार वेगळा. चारा आणि चंदीचे हरभरे उधारीवर देणारा दुकानदार वेगळा. बैल कामावर नसला तर शेतातली ताटे खाऊन राहतो. घोडा धंदा नसलेल्या दिवशीही तेवढीच चंदी मागतो. म्हणून टांगेवाल्याचे घर कायम उधारीवर चाले आणि उरूस-जत्रेच्या दिवसांत ती फिटे.

आणि जत्रा सगळ्यांच्या असत. धाराशिवला हजरत ख्वाजा शमसुद्दीन गाझी यांचा दर्गा आहे. दरवर्षीच्या उरुसाला मुसलमानांइतकेच हिंदूही येतात. पलीकडे तुळजापूर आहे. नवरात्रात आणि आश्विनी पौर्णिमेला तिथे लाखो माणसे लोटतात, आजही कितीतरी पायी जातात. ज्यांना चालवत नसे अशा म्हाताऱ्यांना आणि लेकुरवाळ्यांना टांगा लागे. उरुसाला चादर घेऊन आलेला माणूस ज्या टांग्यात बसला, त्यातच महिन्या-दोन महिन्यांनी परडी घेतलेली आराधीण बसे. गंगा-जमनी तहजीब हा शब्द आपण व्याख्यानांत फार वापरतो. टांगेवाल्याला तो माहीत नव्हता. त्याला दोन्ही चांद्रपंचांगांतल्या तारखा तोंडपाठ होत्या, कारण त्याची उधारी त्यावर अवलंबून होती.

१९३२ मध्ये या धंद्यात एक नवा भिडू आला. निजामाच्या रेल्वेने स्वतःचे रस्ता वाहतूक खाते काढले, २७ बस आणि १६६ नोकर घेऊन. देशातल्या पहिल्या सरकारी बससेवांपैकी ही एक. पुढे ती राज्यभर पसरत गेली. तेलंगणात सरकारी बसच्या नंबरात 'झेड' हे अक्षर वापरण्याची परंपरा आहे. ते निजामाच्या आई जोहरा बेगम यांच्या आठवणीसाठी, असे हैदराबादेत सांगतात. राजाच्या मातृभक्तीची ही गोष्ट गोड आहे. त्यापेक्षा मला महत्त्वाचे वाटते ते हे की सरकारी मोटारीत भाडे ठरलेले होते. कुळाला आणि देशमुखाला एकच तिकीट. टांगेवाला माणूस बघून भाडे सांगे, पाऊस बघून वाढवी. त्याच्या गरिबीबद्दल कितीही कळवळा असला तरी प्रवाशाच्या बाजूने पाहिले की सरकारी तिकीट ही मोठी गोष्ट होती, हे मान्य करायला हवे.

पण सरकारी मोटार पक्क्या रस्त्याने जाई. बेंबळीसारखी गावे तिच्या नकाशात उशिरा आली. त्यामुळे मोटारीने टांग्याचा मोठ्या रस्त्यावरचा धंदा खाल्ला आणि गाडीवाट बैलगाडीकडेच ठेवली. नफ्याचे अंतर सरकारकडे आणि चिखलाचे अंतर गरिबाकडे, ही वाटणी तेव्हापासूनची.

बार्शी लाईट

येडशीला आपला हाजी रुळांवर चढला. ही गाडी आपल्या भागात दंतकथा होऊन बसली आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने १८९५ मध्ये कंपनी काढली. १८९७ मध्ये कुर्डुवाडी, म्हणजे तेव्हाचे बार्शी रोड, ते बार्शी हा पहिला टप्पा सुरू झाला. रुळांतले अंतर अवघे अडीच फूट. १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला, १९२७ मध्ये मिरजेला. लांबी दोनशे मैलांच्या वर गेली. हलक्या रुळांवरून जड माल न्यायचा तर वजन प्रत्येक आसावर सारखे वाटले पाहिजे, ही कॅलथ्रॉपची युक्ती होती आणि जगभरच्या अरुंद रेल्वेवाल्यांनी तिचा अभ्यास केला. हाच गृहस्थ पुढे विमानातून उडी मारण्याच्या पॅराशूटवर काम करू लागला.

कंपनीचा डोळा होता कापसावर, धान्यावर आणि पंढरीच्या वारकऱ्यांवर. येडशीजवळ रामलिंगच्या डोंगरातून गाडी बालाघाट चढताना इतकी हळू होई की तरणी पोरे उतरून बरोबर चालत, असे जुने लोक हसून सांगतात. पण या खेळण्यासारख्या गाडीने एक गोष्ट केली. वारकरी, हाजी, आडतवाला, बाजारला निघालेली बागवानीण आणि कोर्टाच्या तारखेला निघालेला कुणबी यांना एका लाकडी बाकावर बसवले.

वाटेत सरहद्द लागे. धाराशिव, येडशी निजामाच्या राज्यात. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजांच्या. निजामाचे चलन हाली शिक्का, इंग्रजांचे कलदार. साधारण सात हाली रुपयांना सहा कलदार मिळत. म्हणजे हाजीने आयुष्यभर गाठीला बांधलेल्या सातशे रुपयांचे सरहद्द ओलांडताच सहाशे होत. वर करोडगिरीचा नाका, म्हणजे जकात. वळकट्या सोडून दाखवाव्या लागत. आज आपण येडशीहून बार्शीला तासाभरात जातो आणि मध्ये कधीकाळी दोन राज्ये होती हे आठवतही नाही.

या गाडीच्या प्रत्येक स्टेशनाबाहेर बैलगाड्या उभ्या असत, कारण स्टेशन एकीकडे आणि गावे भलतीकडे. याच मार्गावरच्या कसबे तडवळे इथे २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी महार-मांग वतनदार परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिला आले. त्यांची मिरवणूक निघाली ती बैलगाडीतून. ज्यांना गावच्या रस्त्यावरून ताठ मानेने चालायची मुभा नव्हती, त्यांनी आपला पाहुणा वाजतगाजत त्याच रस्त्यावरून नेला. सवारी कुणी आणि कुठून न्यायची, यावर आपल्या गावांत डोकी फुटत आली आहेत. नवरदेवाच्या घोड्यावरून अजूनही फुटतात. म्हणून तडवळ्याची ती गाडी मला कुठल्याही राजाच्या बग्गीपेक्षा मोठी वाटते.

बेटावरचा पाहुणा

कुर्डुवाडीला गाडी बदलून, रात्र बसून काढून आपला हाजी बोरीबंदरला उतरला. आतापर्यंत तो आपल्या मुलखात होता. आता तो एका बेटावर आला. मुंबई मुळात सात बेटांची. भराव घालून ती जोडली. तिथली दमट हवा, खाऱ्या पाण्याचा वास, उंच घरे आणि सात-आठ भाषा. दख्खनी बोलणाऱ्या बेंबळीच्या माणसाची भाषा स्टेशनबाहेरच्या भय्यालाही नीट कळत नसे आणि मेमन दुकानदारालाही.

स्टेशनबाहेर पर्याय मात्र भरपूर होते. घोड्यांच्या ट्रामी मुंबईत १८७४ मध्ये सुरू झाल्या आणि १९०७ मध्ये ट्राम विजेवर गेली. १९२६ मध्ये अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली मोटारबस धावली. ट्राम स्वस्त, पण हाजीबरोबर काही महिन्यांचा शिधा, भांडी, वळकटी आणि कफनाचे कापड असे. एवढे बोचके घेऊन ट्राममध्ये चढणे अवघड. मग उरले दोन मार्ग. हमालाच्या डोक्यावर ओझे देऊन मागोमाग चालायचे, नाहीतर व्हिक्टोरिया करायची.

व्हिक्टोरिया म्हणजे चार चाकांची घोडागाडी. हाकणारे अनेक मुसलमान. त्यांच्या भाड्यावर सरकारचे लक्ष फार आधीपासून होते. मुंबईत १८६३ मध्येच भाड्याच्या गाड्यांसाठी कायदा झाला, पुढे १९२० मध्ये नवा आला. परवाना, बिल्ला, भाड्याचा दर. परगावच्या माणसाला लुबाडू नये हा हेतू. पण दर वाचता येण्यासाठी आधी वाचता यावे लागते.

हाजींना लुबाडण्याचा बंदोबस्त करण्यासाठी तर सरकारने बरेच काही करून पाहिले. १८८६ मध्ये थॉमस कुक या विलायती प्रवासी कंपनीला हाजींच्या प्रवासाचे काम दिले होते. ते काही वर्षांत बंद पडले. १८८७ मध्ये मुंबईत यात्रेकरूंच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि दलालांना परवाना लागू झाला. १९३२ मध्ये, म्हणजे आपल्याकडे सरकारी मोटार सुरू झाली त्याच साली, बंदरांतल्या हज कमिट्यांचा कायदा आला. हे सगळे एकाच प्रश्नाभोवती फिरत होते : स्टेशनपासून जहाजापर्यंतच्या दोन-तीन मैलांत अनोळखी माणसाला कोण सांभाळणार?

त्याचे उत्तर कायद्याआधी समाजाने दिले. क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना हे त्याचे ठळक उदाहरण. स्टेशनापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर गरीब हाजीला टेकायला जागा. बेंबळीच्या माणसाला व्हिक्टोरियावाल्याला पत्ता सांगता आला नाही तरी "मुसाफिरखाना" हा एक शब्द पुरे होई. कच्छच्या एका मेमन कुटुंबाचा पैसा, उत्तरेकडच्या गाडीवानाचा घोडा आणि मराठवाड्याचा पाहुणा अशी ती साखळी होती. आपण बांधलेल्या वास्तूंत मशिदी-मकबऱ्यांची गणती होते. मुसाफिरखान्यांची फारशी होत नाही.

सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसनंतर

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर मुंबई राज्याची पहिली एसटी धावली. त्या दिवशी धाराशिव अजून निजामाच्या राज्यात होते. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली. आधी रझाकारांनी याच रस्त्यांवर लूट आणि खून केले होते. नंतर सुडाची लाट आली आणि तिच्यात ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता असे हजारो मुसलमान मारले गेले. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये दौरा केला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत तिने उस्मानाबादचे नाव घेतले. बाकीचे तीन गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. कित्येक दशके हा अहवाल लोकांसमोर आला नाही.

त्या अहवालातली एक बारीकशी नोंद आपल्या विषयाची आहे. समिती नऊ जिल्ह्यांत फिरली आणि जिल्ह्याची ठाणी, शहरे, मोठी गावे मिळून पन्नासेक ठिकाणी पोचली. शिवाय, जिथे ती जाऊ शकली नाही अशा १०९ गावांतल्या पाचशेहून अधिक माणसांशी ती बोलली. समिती ज्या गावांपर्यंत गेली नाही, त्यांची कहाणी त्यांतल्या कुणाच्या तरी तोंडून कागदावर आली. आणि ज्या गावांतून कुणी येऊ शकले नाही, त्यांचे काय झाले ते कागदावर आलेच नाही. रस्ता असणे आणि नसणे यांचा अर्थ इथे कळतो. दवाखाना-शाळेच्या आधी साक्ष देण्यासाठीही रस्ता लागतो.

निजामाच्या फौजेतली, पोलिसांतली, कचेऱ्यांतली नोकरी गेलेल्या मुसलमानांपुढे पोटाचा प्रश्न उभा राहिला. हैदराबादेत त्यांतले कितीतरी सायकलरिक्षा ओढू लागले. आपल्याकडे कुणी टांगा हाकला, कुणी सायकलचे दुकान काढले, कुणी ट्रकवर क्लीनर झाला. मराठवाड्यातल्या मुसलमान मोहल्ल्यांत ड्रायव्हर आणि मिस्त्री इतके का, असे लोक विचारतात. उत्तराचा एक धागा इथे आहे. ज्याच्याकडे जमीन नाही, वशिला नाही, शिक्षण अर्धवट, त्याला चाक आणि पाना एवढेच भांडवल.

सरकारी मोटार मात्र चालू राहिली. १ नोव्हेंबर १९५१ रोजी ती रेल्वेकडून हैदराबाद सरकारकडे आली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तशी इथली बससेवाही गेली, आणि १९६१ मध्ये ती महाराष्ट्राच्या एसटी महामंडळात विलीन झाली. धाराशिवच्या प्रवाशाने तीस वर्षांत एकाच बाकावर बसून चार सरकारी मालक पाहिले. मराठवाड्यातल्या एसटीचा इतिहास १९४८ पासून सांगितला जातो. आपल्या जिल्ह्यापुरता तो १९३२ च्या त्या खात्यापर्यंत मागे जातो. बार्शी लाईट १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने विकत घेतली. २००७-०८ मध्ये मोठ्या रुळांची रेल्वे थेट धाराशिव शहरात आली आणि येडशीच्या टांग्याची उरलीसुरली आठवणही संपली.

आज

गाडी, टांगा गेले तरी ते अंतर राहिलेच. नव्वदीत ते भरून काढले जीपगाड्यांनी. काळी-पिवळी, कमांडर, टमटम. आत दहा, मागे लोंबकळणारे चार. कायद्याने टप्प्याटप्प्यावर प्रवासी चढवायचा-उतरवायचा अधिकार एसटीचा. टॅक्सीच्या परवान्यावर तो नाही. म्हणून हा धंदा जन्मापासून अर्धा चोरीचा. दंड भरायचा, पुन्हा गाडी लावायची. चालवणाऱ्यांत सगळ्या जातींची पोरे आहेत आणि मुसलमानांची पुष्कळ आहेत.

२०२१ च्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. त्या काळात खेड्यांतल्या रुग्णांना, परीक्षेच्या पोरांना याच चोरट्या म्हटलेल्या गाड्यांनी पोचवले. नंतर ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत झाली आणि मार्च २०२३ मध्ये महिलांना अर्धे तिकीट. निर्णय चांगला आहे. ज्या बाईला दवाखान्यासाठी नवऱ्याकडे पैसे मागावे लागत, ती आता एकटी धाराशिवला जाऊन येते. पण त्यामुळे जीपवाल्याचे अर्धे गिऱ्हाईक एसटीच्या थांब्यावर गेले. बाईचा हक्क आणि जीपवाल्याचे पोट यांना एकमेकांविरुद्ध उभे करायची गरज नाही. दोन्हींचा विचार एका टेबलावर व्हायला हवा होता, तो झाला नाही.

मुंबईत काय झाले तेही पाहा. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या. घोड्यांचे हाल होत होते हे खरेच. मालक-चालकांना भरपाई किंवा फेरीवाल्याचा परवाना असे पर्याय पुढे आले. २०२१ मध्ये बॅटरीवर चालणाऱ्या, घोड्याविना धावणाऱ्या व्हिक्टोरिया समुद्रकाठी आणल्या. पाहुण्यांना जुन्या सवारीचा थाट पुन्हा मिळाला. पण निदान तिथे भरपाईचा विचार तरी झाला, कारण प्रश्न कोर्टात गेला होता. धाराशिव-येडशीच्या टांगेवाल्याला तेवढेही कुणी विचारले नाही.

आता सोलापूर-तुळजापूर-धाराशिव हा सुमारे ८४ किलोमीटरचा रेल्वेमार्ग होतो आहे. तुळजापूरला पहिल्यांदाच रेल्वे येईल. चांगलेच आहे. माझा प्रश्न पुन्हा त्याच अंतराचा आहे. स्टेशनपासून देवळापर्यंत, दर्ग्यापर्यंत, नळदुर्गच्या किल्ल्यापर्यंत, धाराशिवच्या लेण्यांपर्यंत पाहुण्याला कोण नेणार? मोबाईलवरच्या मोठ्या कंपन्या नेणार, की इथल्या जीपवाल्या-रिक्षावाल्यांना दर ठरवून, परवाना देऊन त्या गाड्यांच्या वेळापत्रकाला जोडणार? स्टेशन बांधायच्या आधी हे ठरले तर ठरेल. नंतर ठरत नाही, एवढे मागच्या सव्वाशे वर्षांनी दाखवले आहे.

वाचकांकडे एक मागणे आहे. समुद्रमार्गे हज १९९५ मध्ये बंद झाला. जहाजाने गेलेले हाजी आता थोडेच उरले आहेत. टांगा हाकलेली माणसे तर त्याहून कमी. तुमच्या घरात, मोहल्ल्यात अशी कुणी असतील तर त्यांच्यापाशी बसा. धाराशिवहून येडशीचे भाडे किती होते, घोडा कुठल्या बाजारातून आणला, चंदीची उधारी कुणाकडे होती, अठ्ठेचाळीसमध्ये टांगा बाहेर काढला की नाही, हे विचारा आणि लिहून ठेवा. पेटीत जुना परवाना, बिल्ला किंवा जहाजाचे तिकीट सापडले तर फोटो काढून ठेवा. बेंबळीपासून सुरुवात मी करतो आहे.